मिशनरी शाळेत सहावी ते दहावीचा अभ्यास कसा असतो? मुलीला घालावं का?

पाचवीनंतर मुलीला मिशनच्या शाळेत घालायचंय, पण 'तिथे प्रार्थना आणि इंग्रजीच जास्त, गणित-विज्ञान कच्चं राहतं' असं घरचे म्हणतात, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. साफ खोटं. माझे काका दर दिवाळीला बाबांना हेच ऐकवायचे, म्हणून लिहायला बसले.

मी मिशनच्या मुलींच्या शाळेत दहावीपर्यंत शिकले, तेही मराठी माध्यमातून. मिशनची शाळा म्हणजे इंग्रजीच, हे आधी डोक्यातून काढा. पुस्तकं बालभारतीची, परीक्षा बोर्डाची, सगळं इतरांसारखंच. वेगळेपण होतं ते वह्या तपासण्यात.

आठवीला भूमिती शिकवायला एक सिस्टर होत्या. पक्ष (काय दिलंय), साध्य (काय दाखवायचंय), सिद्धता, आणि सिद्धतेच्या प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण. कुणी 'आकृतीवरून दिसते' लिहिलं की त्याखाली लाल रेघ आणि समासात 'का?'. एकदा त्यांनी फळ्यावर मुद्दाम वेडावाकडा त्रिकोण काढला, तिन्ही बाजू उघड उघड वेगळ्या, आणि म्हणाल्या, ''हा समद्विभुज आहे असं दिलंय. आता पायाचे कोन एकरूप आहेत हे सिद्ध करा.'' डोळ्यांचा काही उपयोगच नव्हता. दिलेल्या माहितीला धरून शिरःकोनाचा दुभाजक काढायचा, दोन त्रिकोण बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने एकरूप दाखवायचे, मग कोनांवर यायचं. ज्यांचं कारण राहिलं त्यांची वही सहीविना परत. आजही दहावीला गणित भाग २ चा, म्हणजे भूमितीचा, पेपर ४० गुणांचा असतो आणि सिद्धता लिहाव्याच लागतात. ही सवय आठवीत लागली तर लागली.

काका याला घोकंपट्टी म्हणायचे. घोकंपट्टीत कुणी 'का' विचारत नाही, हे मी त्यांना आता तोंडावर सांगते.

त्यांचं दुसरं पालुपद 'पोरगी बाटेल'. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार या अमेरिकन मिशनरी बाईंकडे शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं. दोघांनीही धर्म बदलला नाही, मुलींसाठी शाळा मात्र काढल्या. तुमच्या घरीही हाच सूर लागला तर हेच सांगा. आमच्याकडे बायबलच्या तासाला ख्रिस्ती मुली जायच्या, बाकीच्यांना मूल्यशिक्षण असायचं. शिवाय राज्यघटनेचं कलम २८(३) आहेच: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांवर धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही.

आता थोडं सबुरीनं. सगळ्या मिशनच्या शाळा सारख्या नसतात. काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठी फार दुबळं राहतं. २०२० च्या कायद्याने ते दहावीपर्यंत सक्तीचं आहे, पण तास असणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं. ते घरी सांभाळावं लागेल. मिशनसारख्या अल्पसंख्याक शाळांना आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) २५ टक्के आरक्षण लागू नाही, त्यामुळे त्या वाटेने प्रवेश मिळेल असं धरून चालू नका. आणि चांगली सिस्टर बदलून गेली की विषयाची घडी विसकटते, हेही पाहिलंय. म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या शाळेत आठवी-नववीला असलेल्या एखाद्या मुलीची गणिताची वही मागून घ्या आणि शिक्षकांनी समासात काय लिहिलंय ते वाचा.