सागरी चाच्यांवर थ्रिलर लिहितोय, पण जहाजावर कब्जा झाला की गोष्ट तिथेच अडकते. पुढे काय लिहू?

तुमची अडचण कब्ज्यापाशी आहे, आणि मला वाटतं कादंबरीच तिथून सुरू करावी. समुद्रातल्या अपहरणांच्या हकिगती मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि त्यांत हल्ल्याचा भाग सगळ्यांत छोटा असतो. मालाने भरलेलं जहाज संथ चालतं, त्याचा कठडा पाण्याच्या जवळ आलेला असतो. वेगवान होडी बाजूला लागते, हुक लावलेली शिडी कठड्यात अडकते, आणि काही मिनिटांत बंदूकधारी डेकवर येतात. याला एक प्रकरण पुरे.

त्यानंतरचं बघा. बऱ्याच जहाजांवर आता सिटाडेल असतं, म्हणजे खलाशांनी आत शिरून दार लावून घ्यायची मजबूत खोली. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ 'लीला नॉरफोक'चे २१ खलाशी असेच आत बसले होते. 'आयएनएस चेन्नई'वरचे मार्कोस, म्हणजे भारतीय नौदलाचे खास कमांडो, जहाजावर उतरले आणि सगळे सुखरूप सुटले. पण या योजनेची एक अट फार निर्दय आहे: झाडून सगळे आत हवेत. एक जण जरी बाहेर चाच्यांच्या हाती लागला, तर नौदलाचे हात बांधले जातात. आता कल्पना करा, दार लावायची वेळ आली आहे, डोकी मोजली तर एक कमी आहे, आणि किल्ली चीफ ऑफिसरच्या हातात आहे. मी असतो तर या एका दारावर पन्नास पानं खर्च केली असती.

दुसरी जागा खंडणीची. सप्टेंबर २०१० मध्ये 'अस्फाल्ट व्हेंचर' पळवलं गेलं. त्यावरचे पंधराही खलाशी भारतीय होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं, पण चाच्यांनी सात जणांना ठेवून घेतलं. भारताने पकडलेले आमचे साथीदार सोडा, ही त्यांची नवी मागणी. ते सात जण घरी यायला ऑक्टोबर २०१४ उजाडला. पैसे दिल्यावरही माणूस सुटत नाही, हे त्या घरांनी साडेतीन वर्षं कसं सोसलं असेल याचा विचार करून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. मालक, वाटाघाटी करणारा, दुभाषा, सरकार, घरचे लोक, प्रत्येकाला वेगळी घाई आणि वेगळी भीती. पात्रं इथे आयती मिळतात.

मात्र तुमचे खलनायक चाचे आहेत की दहशतवादी, हे आधी पक्कं करा. चाच्याला ओलीस जिवंत हवा असतो, कारण तोच त्याचा माल. फेब्रुवारी २००४ मध्ये फिलिपिन्समधल्या मनिलाच्या उपसागरात 'सुपरफेरी १४' या प्रवासी जहाजावर टीव्ही संचात लपवलेला बॉम्ब फुटला आणि ११६ जण गेले. तिथे ओलीस ठेवून सौदा करायचा प्रश्नच नव्हता. येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' ताब्यात घेतलं, त्यावरचे २५ खलाशी जानेवारी २०२५ मध्ये सुटले. त्यांची सुटका गाझाच्या युद्धाशी जोडलेली होती, जहाजाच्या मालकाच्या हातात फारसं काही नव्हतं. दोन्ही प्रकार एकाच टोळीत मिसळलेत तर कथानक लंगडं पडेल.

कोर्टही विसरू नका. १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' पळवून चाच्यांनी खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं आणि जहाजाला 'मेगा रामा' असं नवं नाव दिलं. भारतीय तटरक्षक दल आणि नौदलाने ते पाठलाग करून पकडलं, १५ इंडोनेशियन आरोपींवर मुंबईत खटला चालला. सत्र न्यायालयात शिक्षा झाली, उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदा तेव्हा भारतात नव्हता, तो २०२२ मध्ये संसदेने मंजूर केला. कादंबरीचा उत्तरार्ध या खटल्यावर उभा राहू शकतो, साक्षीला आलेल्या एखाद्या खलाशाच्या नजरेतून लिहून बघा.