ग्रीक ‘क्रासिस’ या शब्दाचा मूळ अर्थ काय, आणि तो व्याकरणात कसा आला?

‘क्रासिस’ म्हणजे मिसळण, आणि तीही दोन गोष्टी वेगळ्या ओळखू येणार नाहीत अशी. ‘मिसळणे’ या अर्थाच्या ‘केरान्नुमी’ या क्रियापदापासून हे नाम झाले. प्राचीन ग्रीक लोक वाइन पाणी घालूनच पीत, नुसती पिणे रानटीपणाचे समजत. ज्या मोठ्या भांड्यात ती कालवत, त्याचे ‘क्रातेर’ हे नावही याच धातूचे. आजच्या ग्रीकमध्ये वाइनला ‘क्रासी’ म्हणतात, तेही इथूनच.

पुढे वैद्यकात शरीरातल्या गुणांचे मिश्रण, म्हणजे प्रकृती, असा अर्थ आला. गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचा यावर स्वतंत्र ग्रंथ आहे. अरबी वैद्यांनी त्यासाठी ‘मिजाज’ हा शब्द वापरला, त्याचाही मूळ अर्थ मिश्रणच. आपली ‘मिजास’ तिथूनच आली, फक्त वाटेत तिला जरा तोरा चढला!

व्याकरणात एका शब्दाच्या शेवटचा आणि पुढच्याच्या सुरुवातीचा स्वर एकजीव होतो, तो क्रासिस: ‘काय’ (आणि) + ‘एगो’ (मी) = ‘कागो’. आपल्या स्वरसंधीसारखेच, पण संस्कृतइतके सर्रास नाही. ठरावीक छोट्या शब्दांपुरतेच.

मात्र कुठल्याही मिश्रणाला हा शब्द लावू नका. ॲरिस्टॉटल कोरड्या वस्तूंच्या मिश्रणाला क्रासिस मानत नाही. गहू-ज्वारी एकत्र केली तर ती क्रासिस नव्हे.