इंग्रजी आणि क्रिएटिव्ह रायटिंग विभागाच्या यशाच्या यादीतलं विद्यार्थ्याच्या पदरात नेमकं काय पडतं?

तुम्हाला एका विद्यापीठाच्या इंग्रजी आणि क्रिएटिव्ह रायटिंग विभागात प्रवेश मिळतोय. त्यांच्या माहितीपत्रकात पुरस्कार, पुस्तकं, शिष्यवृत्त्या यांची पानंच्या पानं भरली आहेत, आणि यातलं आपल्याला काय मिळणार हे तुम्हाला कळत नाहीये. मी अशाच एका विभागातून एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, म्हणजे लेखनातली पदव्युत्तर पदवी) केलंय, तर आतून जे दिसतं ते सांगते.

आधी ती यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण करा: हे प्राध्यापक, हे माजी विद्यार्थी, हे सध्याचे विद्यार्थी. बहुतेक याद्यांमध्ये पहिले दोन गटच भाव खाऊन जातात. प्राध्यापकांना मोठा पुरस्कार मिळाला म्हणजे ते चांगले लेखक आहेत, एवढंच सिद्ध होतं. पुरस्कारामागोमाग फेलोशिप येते आणि फेलोशिपमागोमाग रजा. ज्यांच्या नावाकडे बघून तुम्ही जाणार, ते तुमच्या काळात वर्गावर असतील का, हे विभागाला सरळ विचारा. कोणी रागावत नाही.

माजी विद्यार्थ्यांचा हिशेब फार लांबचा असतो. ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या कादंबरीकारांनी १९७० मध्ये लेखनाचा एमए सुरू केला. काझुओ इशिगुरो १९८० मध्ये तो पूर्ण करून बाहेर पडले. तिथे प्रबंध म्हणून लिहिलेली त्यांची कादंबरी १९८२ मध्ये आली, बुकर १९८९ मध्ये आणि नोबेल २०१७ मध्ये. विभाग नोबेल मिरवणारच, त्यात गैर काही नाही. पण विभागाने प्रत्यक्ष दिलं ते कादंबरी लिहायला मोकळा वेळ, आणि ब्रॅडबरी, अँजेला कार्टर यांच्यासारखे कच्चा खर्डा वाचणारे वाचक. तुम्ही शोधायचं ते हे.

सध्याच्या विद्यार्थ्यांच्या रकान्यात 'पुशकार्ट नामांकन' दिसलं तर लगेच हुरळून जाऊ नका. पुशकार्ट म्हणजे अमेरिकेतल्या लहान मासिकांतल्या निवडक लेखनाचं संकलन. १९७६ पासून निघणाऱ्या या वार्षिक संकलनासाठी प्रत्येक लहान मासिक किंवा प्रकाशन सहापर्यंत कृती सुचवू शकतं, त्यामुळे नामांकितांची रांग भलतीच लांब असते. निवड होऊन त्यात छापून येणं मात्र खरोखरच मोठं.

आता संधींबद्दल. माझ्या मते सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी जाहिरात होणारी संधी म्हणजे विभागाचं स्वतःचं नियतकालिक. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचं 'द आयोवा रिव्ह्यू' १९७० पासून निघतंय, नेब्रास्का विद्यापीठाचं 'प्रेअरी स्कूनर' तर १९२० च्या दशकापासून. अशा ठिकाणी आपणहून आलेल्या लेखनाचा ढीग उपसायचं पहिलं काम बऱ्याचदा विद्यार्थ्यांच्याच गळ्यात पडतं. आमच्याकडे प्रत्येक कथा दोघं वाचत आणि 'नाही', 'बघू' किंवा 'हो' अशी नोंद करत. एकदा मी एका अगदी अनोळखी लेखकाच्या कथेला 'हो' दिलं, माझ्या जोडीदाराने 'नाही'. बैठकीत संपादकबाईंनी मला एवढंच विचारलं, "कुठल्या वाक्याला तुझं मत ठरलं?" 'भाषा छान आहे', 'वातावरण जमलंय' असलं काही तिथे चालत नसे. मी पानं चाळून वाक्य दाखवलं: मुलगा वडिलांचं बंद पडलेलं दुकान आवरतोय आणि उधारीच्या वहीत त्याला स्वतःचंच नाव सापडतं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि कथा घेतली. (लेखकाने ती तोवर दुसरीकडे दिली होती, ते वेगळं. एकाच वेळी चार ठिकाणी पाठवायची तिकडे रीतच आहे.) त्या टेबलावर बसल्यावर 'साभार परत'चं दुःखही निम्मं होतं, कारण चांगल्या कथाही अंकात जागा नाही म्हणून परत जाताना आपण बघतो.

वर्कशॉपबद्दल तुम्ही ऐकलं असेलच: आठवडाभर आधी आपलं लेखन सगळ्यांना द्यायचं, मग वर्गात बाकीचे बोलणार आणि लेखकाने गप्प बसायचं. ही पद्धत मला पूर्ण पटत नाही. कथा ज्या जगातली आहे ते जग वर्गात कोणालाच माहीत नसेल, तर अर्धा तास त्या जगाची उजळणी करण्यातच जातो. बरेच शिक्षक आता लेखकाला आधी प्रश्न मांडू देतात. तुमच्या विभागात काय चालतं ते विचारून घ्या.

पैशाचं आधी बघा, खरं तर सगळ्यात आधी. अमेरिकेतल्या अनेक एमएफएंमध्ये शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं, त्या बदल्यात पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवावं लागतं. टेक्सास विद्यापीठाच्या मिचनर सेंटरसारखं शिकवण्याची अट नसलेलं ठिकाण विरळा. ब्रिटनमधला एमए साधारण एका वर्षाचा असतो आणि शुल्क बहुतेकांना खिशातूनच भरावं लागतं. शिकवण्याला ओझं समजू नका, पुढे नोकरी मागताना तोच अनुभव कामी येतो. पण आठवड्याला किती वह्या तपासायच्या, हा आकडा नक्की विचारा.

जाता जाता आयोवा विद्यापीठातल्या दोन कार्यक्रमांबद्दलचा एक घोळ मिटवते. आयोवाचं रायटर्स वर्कशॉप (१९३६) हा पदवीचा अभ्यासक्रम आहे. आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात गेले होते तो १९६७ चा इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम वेगळा. तिथे लिहित्या लेखकांना निवासासाठी बोलावतात, पदवी देत नाहीत.

इंग्रजीच्या बाजूचे पेपर मात्र नुसते उरकू नका. संपादन, प्रकाशन, अनुवाद, शिक्षण या कामांत तेच वाचन उपयोगी पडतं, आणि लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचं घर याच कामांवर चालतं.

शेवटच्या वर्षातल्या दोघा-तिघांशी बोलता आलं तर पुरस्कारांचा विषय काढूच नका. प्रबंधाचा खर्डा मार्गदर्शकाने कितव्या पानापर्यंत वाचला आणि परत द्यायला किती आठवडे लावले, एवढंच विचारा.