सहकाऱ्याला बुद्ध्यंक विचारावा का?

नव्याने ओळख झालेल्या सहकाऱ्याला त्याचा बुद्ध्यंक विचारणे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते विचारू नये, आणि माझे हे मत कोथरूडच्या आमच्या घरी, गौरीजेवणाच्या दिवशी पक्के झाले.

मुलगी तेव्हा चौथीत होती. तोंडी उत्तरे चोख, पण वाचताना अक्षरे अडत, म्हणून शाळेच्या सांगण्यावरून आम्ही तिची बुद्धिमापन चाचणी करून घेतली. तर्काच्या भागात ती वयाच्या पुढे होती, ऐकलेले आकडे लक्षात ठेवून पुन्हा म्हणण्याच्या भागात बरीच मागे. आणि ही तफावतच महत्त्वाची आहे, एकत्रित आकड्याकडे, म्हणजे बुद्ध्यंकाकडे, फारसे पाहू नका, असे समुपदेशक बाईंनी आम्हाला बजावले होते. त्या दिवशी पंगत उठल्यावर मोठ्या भावजींनी सगळ्यांसमोर विचारले, "किती आला?" वडीलधाऱ्यांनी विचारले की उत्तर द्यायचे, या सवयीने मी आकडा सांगून टाकला. त्यांनी लगेच आपल्या मुलाचा सांगितला. तो आकडा मोठा होता. पुढे कित्येक वर्षे घरात कोणी कोडे घातले, की सगळे त्या मुलाकडे पाहत आणि मुलगी ताटे उचलायला आत निघून जाई.

भावजी आजही म्हणतात, की उंची विचारतो, दहावीचे टक्के विचारतो, मग यात काय वावगे? उंची कोणत्याही टेपने मोजली तरी तीच येते. बुद्ध्यंक ही समवयस्कांशी केलेली तुलना आहे. सरासरी १०० धरतात आणि सुमारे दोन तृतीयांश माणसे ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. कामत यांनी मराठी मुलांसाठी बेतलेली बिने चाचणी आणि वेक्स्लर यांची चाचणी एकाच मुलाला दिल्या, तर आकडे जुळतीलच असे नाही. मुळात आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये सहकारी सिमोन यांच्यासह पहिली बुद्धिमापन चाचणी रचली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत मिळावी म्हणून. आमच्या मुलीची चाचणीही त्याचसाठी होती, आणि आम्ही त्या चाचणीवरून घरातल्या मुलांचा क्रम लावला. भावजी, हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवे होते.

मानसोपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक विचारतात ते कामासाठी, तिथे संकोच करू नये. मेन्सासारख्या, बुद्धिमापन चाचणीत वरच्या २ टक्क्यांत येणाऱ्यांनाच प्रवेश देणाऱ्या संस्थेत लोक आपसांत मोकळेपणाने बोलत असतील, तर तो त्यांचा प्रश्न आहे. सहकाऱ्याने स्वतःहून सांगितले तर ऐकून घ्यावे, पण उलट आपला आकडा सांगू नये.

मुलीला विचारूनच हे लिहिले आहे. बाकी सगळे लिही, आकडा लिहू नकोस, असे ती म्हणाली.