दोघेच निवडून आलात म्हणून

चि. मित्रास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पॅनेलचे तुम्ही दोघेच निवडून आलात, ग्रामपंचायतीत बाकी सारे समोरचे, तेव्हा नुसते बसून राहण्यापेक्षा राजीनामा दिलेला काय वाईट, असे तू विचारतोस. भूतानचे पंतप्रधान शेरिंग तोबगे यांच्यावर नेमकी हीच वेळ आली होती, आणि तीही देशाच्या संसदेत, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो.

तोबगे मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. कालिम्पाँगला शाळा, अमेरिकेत पिट्सबर्गला पदवी आणि मग तांत्रिक शिक्षण व कामगार खात्यांतली सरकारी नोकरी, जी त्यांनी 2007 साली राजकारणासाठी सोडली. 2008 मध्ये भूतानात पहिली लोकशाही निवडणूक झाली, तेव्हा 47 पैकी 45 जागा दुसऱ्या पक्षाने जिंकल्या. तोबगे यांच्या पक्षाचे अध्यक्षसुद्धा पडले. उरले दोघे, आणि त्यांतल्या तोबगे यांच्याकडे विरोधी पक्षनेतेपद आले.

पुढची पाच वर्षे तू नीट अभ्यासावीस असे मला मनापासून वाटते. 2010 साली सरकारने संसदेची मंजुरी न घेताच वाहनांवरील कर वाढवला. सभागृहात मतदान झाले असते तर दोन मतांची काय पत्रास होती! पण नव्या राज्यघटनेच्या चौदाव्या कलमात, कायद्याखेरीज कोणताही कर लावता किंवा बदलता येणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले होते. विरोधी पक्ष ते कलम घेऊन उच्च न्यायालयात गेला आणि जिंकला. सरकारने अपील केले, तेव्हा फेब्रुवारी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विरोधकांच्याच बाजूने निकाल दिला. भूतानच्या राज्यघटनेवरचा तो पहिलाच खटला. 45 जणांच्या सरकारला दोघांनी थांबवले ते संख्येच्या नव्हे, वाचनाच्या बळावर, आणि मला तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

2013 साली त्यांच्या पक्षाला 32 जागा मिळाल्या आणि ते पंतप्रधान झाले. प्रत्येक गेवोगला, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारख्या 205 घटकांना, एकेक पॉवर टिलर देण्याचे वचन त्यांनी पाळले. तरीही 2018 मध्ये पक्ष प्राथमिक फेरीतच तिसऱ्या क्रमांकावर गेला. तिथे अंतिम लढत पहिल्या दोन पक्षांतच होते, त्यामुळे पाच वर्षे संसदेत त्यांचा एकही सदस्य नव्हता. दोघेही नाहीत, हे लक्षात घे. तरी ते पक्षाचे अध्यक्ष राहिले, आणि जानेवारी 2024 मध्ये 30 जागा जिंकून पुन्हा पंतप्रधान झाले. घटनेनुसार तिथे कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा हे पद मिळत नाही, म्हणजे ही त्यांची शेवटची कारकीर्द आहे.

तेव्हा राजीनामा लिहिला असशील तर तो आधी फाडून टाक. गेल्या वर्षी पाणीपट्टी वाढवली असे तू लिहितोस. ती कोणत्या सभेत, कोणत्या ठरावाने वाढवली, गणपूर्ती होती का, हे इतिवृत्ताच्या वहीत पाहा आणि रीतसर अर्ज करून त्याची नक्कल काढ. पुढच्या मासिक सभेआधी ती घेऊन घरी ये. आपण दोघे मिळून वाचू.

तुझा,
मास्तर