वाचकांचे प्रश्न: गिटारच्या कडेला शिंपल्याची पट्टी

प्रश्न (एक वाचक, पुणे): नोकरी आयटीत, पण सुतारकामाची जबरदस्त हौस. घरीच एक ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद बॉडीची) गिटार बनवतोय, वरची फळी सिटका स्प्रूस या मऊ लाकडाची, मागची आणि बाजूची शिसवीची. बॉडी बंद झालीय, आता कडेला मार्टिन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या गिटारवर असते तशी ॲबलोनी शिंपल्याची रंगीत पट्टी लावायचीय. बाजारात इंचभर लांबीच्या सरळ पट्ट्या मिळतात, पण त्या गोलाईवर बसणार कशा? वाकवायला गेलो की कडकन तुटतात. कोणीतरी गरम पाण्यात टाकून ठेव म्हणालं, कोणी व्हिनेगर सांगितलं. आणि खाच पाडून डायरेक्ट फेव्हिक्विकने चिकटवल्या तर चालेल ना?

उत्तर: आधी गरम पाणी आणि व्हिनेगर दोन्ही विसरा. शिंपल्याचा आतला चमकदार थर म्हणजे बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट, त्याच्या अतिशय पातळ चकत्या भिंतीत विटा रचाव्यात तशा एकावर एक बसलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्रथिनाचा बारीक थर असतो. प्रकाश या थरांवरून परत येताना जे होतं त्यातून तो हिरवा-निळा-गुलाबी रंग दिसतो, तो वरून लावलेला रंग नाहीये. उकळलं तरी हा मऊ पडत नाही, आणि व्हिनेगर म्हणजे ॲसिड, त्यात टाकलं तर पृष्ठभाग विरघळायलाच लागतो, चमक गेली म्हणून समजा.

म्हणजे तो वाकत नाही, आणि वाकवायची गरजही नाही. तो तोडायचाच असतो! हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हाताने काम करणारे बरेच गिटार बनवणारे हेच करतात. हिशोब बघा, साधारण दीडशे मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर २५ मिलिमीटरची सरळ पट्टी ठेवली तर मधे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, तो डोळ्याला लगेच दिसतो. तीच पट्टी आठ-आठ मिलिमीटरच्या तीन तुकड्यांत तोडली तर फरक साधारण पाच शतांश मिलिमीटर राहतो, म्हणजे दिसतच नाही. कमरेच्या, म्हणजे बॉडी मधे आत वळते त्या वळणावर अजून लहान तुकडे करा. ॲबलोनीवर नक्षीच इतकी गर्दीची असते की तुटलेली रेघ त्यात हरवून जाते. पांढऱ्या मोत्याच्या शिंपल्यावर मात्र प्रत्येक सांधा उठून दिसतो, त्यामुळे पहिल्या गिटारला पांढरा शिंपला घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

तोडायची पद्धत अशी, की पट्टी खाचेवर ठेवायची, एक टोक आत बसलं की जिथे ती खाचेबाहेर जायला लागते तिथे दोन्ही अंगठ्यांच्या नखांमध्ये धरून हलकेच दाबायची, टक् असा आवाज येतो. तुटलेले दोन्ही तुकडे त्याच क्रमाने, त्याच बाजूने लगेच शेजारी-शेजारी दाबून बसवायचे म्हणजे रंग सलग राहतो. क्रम बदलला, एखादा तुकडा उलटा झाला, की रंग मधेच उडी मारतो आणि मग ते पॅचवर्क वाटतं.

आता तुमचा फेव्हिक्विकचा प्रश्न. खाच पाडून त्यात थेट शिंपला नाही बसवायचा, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या कामात शिंपला बसवणं हा सोपा भाग आहे. त्याच्यासाठी जागा करणं, हेच खरं काम, तिथे घाई केलीत तर कितीही भारी शिंपला आणा, कड बिघडलेलीच दिसणार.

कडेचं गणित आधी कागदावर मांडा. सर्वात बाहेर बाइंडिंग, म्हणजे कडेला फिरणारी बाहेरची पट्टी, समजा दोन मिलिमीटर. त्याच्या आत काळी-पांढरी बारीक रेघ, मग दीड मिलिमीटरचा शिंपला, मग पुन्हा काळी-पांढरी रेघ. दोन्ही रेघा अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या धरल्या तर हे सगळं साडेचार मिलिमीटर झालं. तुमच्या आतल्या लायनिंगची (वरची आणि बाजूची फळी जिथे जुळतात तिथे आतून चिकटवलेल्या लाकडी पट्टीची) जाडी बाजूच्या फळीसकट याच्यापेक्षा चांगली जास्त हवी, नाहीतर खाच लायनिंग ओलांडून पुढे जाते आणि तिथे वरच्या फळीचं पातळ पापुद्र्याएवढं लाकूड नुसतं हवेत राहतं. बॉडी बंद झालीय म्हणताय, तर साउंडहोलमधून (वरच्या फळीतल्या गोल भोकातून) छोटा आरसा आणि टॉर्च घालून लायनिंग किती रुंद आहे हे मोजाच. स्प्रूस अडीच-पावणेतीन मिलिमीटर जाड असेल आणि शिंपला १.३ मिलिमीटर जाड, म्हणून शिंपल्याची खाच तेवढीच किंवा किंचित कमी खोल, त्याहून खोल अजिबात नको. बाइंडिंगची खाच वेगळी, जास्त खोल, ती बाहेरच्या बाजूला दुसऱ्या सेटिंगवर पाडायची.

राउटर, म्हणजे फिरत्या बिटने (पात्याने) खाच पाडणारं मशीन, हातात धरून सरळ फळीवर टेकवून चालवू नका प्लीज. गिटारची वरची फळी सपाट नसते, थोडा फुगवटा असतो आणि मागच्या फळीला तर चांगलाच असतो, त्यामुळे राउटर कलतो आणि खाच तिरकी होते. राउटर उभा धरून ठेवणारा स्टँड बनवा, ज्यात राउटर वर-खाली सरकतो पण कलत नाही, आणि फळीला फक्त बिटच्या जवळचा लहानसा गोल पाय टेकतो. बाजूची फळी आधी स्क्रेपरने (खरवडायच्या पोलादी पत्र्याने) एकसारखी करून घ्या, कारण बिटचं बेअरिंग तिच्यावरून फिरणार, तिथला प्रत्येक उंचवटा जसाच्या तसा खाचेत उतरतो. आणि दिशा. स्प्रूसचे तंतू उभे असतात, तेव्हा दर वेळी रुंद भागाकडून अरुंद भागाकडे चला, म्हणजे खालच्या पोटापासून (खालच्या रुंद भागापासून) कमरेकडे, खालच्या पोटापासूनच शेपटाकडे (खालच्या टोकाकडे), तसंच वरच्या पोटापासून कमरेकडे आणि मानेकडे. उलट गेलात तर तंतू उचकटतात आणि कडेचा एक लांबलचक कपचा निघून येतो. एका दमात पूर्ण खोली नको, थोडं थोडं. बिट लावायच्या आधी सुरीने रेघ आखून ठेवली तर आतली कड अगदी स्वच्छ येते.

खाच झाली की आतल्या भिंतींना पातळ शेलॅकचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) हात द्या. नाहीतर नंतर वापरायचा पातळ सुपरग्लू (फेव्हिक्विकच्या जातीचा) स्प्रूसमध्ये शाईसारखा शोषला जातो आणि पिवळट डाग पडतो, तो पॉलिशखाली कायमचा राहतो. शिवाय शिसवीचा जांभळट रंग स्पिरिटबरोबर सुटून पांढऱ्या रेघेत उतरतो, म्हणून शेलॅक लावताना शिसवीवरून फिरलेला ब्रश स्प्रूसवर आणायचा नाही.

आता मुख्य युक्ती, टेफ्लॉनची पट्टी. शिंपल्याएवढ्याच मापाची, रुंदीला किंचित मोठी असली तर उत्तमच. बाइंडिंग, काळ्या-पांढऱ्या रेघा आणि शिंपल्याच्या जागी ही टेफ्लॉन, असं सगळं एकदम लाकडाच्या ग्लूने चिकटवायचं आणि चिकटपट्टीने घट्ट आवळून बांधायचं. टेफ्लॉन मस्त वळतं आणि त्याला ग्लू धरत नाही. रात्रभर वाळलं की स्क्रेपरने वरचा उंचवटा आणि साठलेला ग्लू खरवडा, टेफ्लॉन दिसायला लागलं की सुरीच्या टोकाने एक टोक उचला आणि आडवं धरून हळूहळू ओढत जा. अख्खी पट्टी एका ओढीत बाहेर येते, आणि मागे कडेभर फिरणारी एकसारखी, स्वच्छ चर राहते. तो क्षण फार समाधानाचा असतो, मी मनापासून सांगतोय.

मग या चरीत शिंपला. ड्रेडनॉटचा परीघ साधारण दीड मीटर, म्हणजे इंची साठेक पट्ट्या, पाचवा हिस्सा जास्तच मागवा कारण रंग जुळवताना काही बाजूला ठेवाव्या लागतात. आधी टेबलावर ओळीने मांडा, भडक तुकडे खालच्या पोटाच्या बाजूला जिथे नजर जाते तिथे, फिके मानेजवळ. सगळे तुकडे कोरडेच बसवून बघा, मग पातळ सुपरग्लू बारीक नळीने चरीच्या कडेला थेंब-थेंब सोडा, तो आपोआप आत ओढला जातो. ॲक्सिलरेटर (ग्लू झटपट सुकवणारा फवारा) मारू नका, बुडबुडे येऊन पांढरट फेस होतो. पावसाळ्यात तर हे काम टाळाच, दमट हवेत सुपरग्लूची वाफ जमून पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं आणि लाकूडही फुगलेलं असतं. पुण्यात दिवाळीनंतर करा.

सपाट करताना बोटाने पॉलिश पेपर घासायचा मोह होतो, तो आवरा. शिंपला कडक, स्प्रूस मऊ, बोटाने घासलं की शेजारी खळगा पडतो. स्क्रेपर आणि कडक ठोकळ्यावर लावलेला पेपर, बस. जरुरीपेक्षा जास्त घासलं तर वरचा रंगीत थर जाऊन खालचा वेगळाच रंग वर येतो. आणि मास्क! शिंपल्याची धूळ फुफ्फुसाला वाईट असते, नुसता रुमाल बांधून भागत नाही, चांगला धुळीचा मास्क लावा आणि शेजारी व्हॅक्यूम चालू ठेवा.

एक सुचवू का, पहिल्या गिटारला फक्त वरच्या फळीच्या कडेला आणि साउंडहोलभोवती करा. मार्टिनमध्ये ४१ स्टाइल अशीच असते, ४२ मध्ये फिंगरबोर्डच्या टोकाभोवतीही पट्टी फिरते, आणि ४५ मध्ये मागे, बाजूला, सगळीकडे. फिंगरबोर्डभोवतीचे कोपरे ४५ अंशात जुळवणं हे वेगळंच कसब आहे. १९३३ साली अमेरिकन गायक जीन ऑट्रीसाठी पहिली डी-४५ (४५ स्टाइलची ड्रेडनॉट) बनली आणि १९४२ पर्यंत अशा फक्त ९१ झाल्या, त्या पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथच्या कारखान्यात सरावलेल्या कारागिरांच्या हातच्या. आपण आधी एक कड नीट जमवू या.

प्रश्न (एक वाचक, मडगाव): आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले आहेत, त्यातले काही सुटे पडलेत. ते गिटारच्या कडेला कापून वापरता येतील का? पैसेही वाचतील.

उत्तर: नाही वापरता येणार, आणि कृपया कापू नका. खिडकीचा शिंपला वेगळा. त्यातून उजेड येतो म्हणूनच तो खिडकीला लावला, पण तो चपट्या थरांचा आणि ठिसूळ, बारीक पट्टी कापली की पापुद्रे सुटतात. ॲबलोनी किंवा मोत्याच्या शिंपल्याच्या आतल्या थरासारखा तो रंग फेकत नाही, पॉलिशखाली नुसता दुधाळ दिसेल. आणि गोव्यात चिखलीच्या खाडीत हे शिंपले अजूनही सापडतात म्हणून कोणी तिथून ताजे आणून देतो म्हणालं तर घेऊ नका, या शिंपल्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. घरातले सुटे तुकडे जपून ठेवा, तशाच खिडक्या दुरुस्त करणाऱ्यांना ते सोन्यासारखे उपयोगी पडतात. न्यूझीलंडच्या पाउआ शिंपल्याच्या (ही ॲबलोनीचीच एक जात) तयार पट्ट्या बिलासकट मागवता येतात. बजेट कमी असेल तर पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली शीट मिळते, तिच्यातून पट्ट्या कापल्या की रंग एकसारखा येतो आणि वायाही कमी जातं. पहिल्या कामाला मी तीच घेतली असती.

प्रश्न (एक वाचक, ठाणे): सेकंडहँड गिटार घेतली, कडेला ॲबलोनी आहे. हात फिरवला की पट्टी बोटाला जाणवते, पूर्वीच्या मालकाच्या म्हणण्याप्रमाणे नवी होती तेव्हा एकदम गुळगुळीत होती. बिघाड आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. लॅकर (गिटारवरचं पॉलिश) वाळताना काही महिने आत बसत जातं, लाकडाच्या छिद्रांत आणि ग्लूच्या रेघेवर जास्त, शिंपल्यावर जवळजवळ नाहीच, म्हणून तो किंचित वर आल्यासारखा वाटतो. घासायला जाऊ नका. फक्त कमरेजवळ, जिथे बॉडी आत वळते, तिथे बाइंडिंग आणि लाकूड यांच्यात साधा कागद जातोय का बघा. सेल्युलॉइडची बाइंडिंग वर्षानुवर्षं आखडत जाते आणि कमरेलाच पहिली सुटते. कागद गेला तर दुरुस्तीवाल्याकडे न्या, तो ती बाहेर काढून पुन्हा बसवेल. घरी सुपरग्लू ओतू नका, पॉलिश खराब होईल.

प्रश्न (एक पालक, नाशिक): मुलगा कॅनडाला शिकायला जातोय, शिसवी आणि ॲबलोनीची हँडमेड गिटार बरोबर नेता येईल का?

उत्तर: भारतीय शिसवीची तयार गिटार स्वतःबरोबर न्यायला आता अडचण येऊ नये. २०१७ च्या सुरुवातीला रोजवुडच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय नियमांत आल्या होत्या आणि वाद्यवाल्यांची मोठी धावपळ झाली, पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवुड मात्र १९९२ पासून कडक यादीत आहे, त्याला ही सूट नाही. बनवणाऱ्याकडून लाकडाची आणि शिंपल्याची जात लिहिलेलं सहीचं बिल घ्या आणि केसमध्येच ठेवा, निघायच्या आधी एअरलाइन आणि कस्टम्सचे चालू नियमही वाचून घ्या. मला काळजी हिवाळ्याची आहे. तिथे घरात हीटर लागले की हवा एकदम कोरडी पडते, लाकूड आखडतं, शिंपला आखडत नाही, आणि शिंपल्याशेजारची रेघ उघडते. केसमध्ये छोटा ह्युमिडिफायर आणि आर्द्रता मोजायचं मीटर द्याच, आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आत राहू दे, आणि गिटार हीटरच्या शेजारी टेकवून ठेवू नकोस हे मुलाला दोनदा सांगा.