पुण्यात बीकॉम करताना ग्राफिक डिझाइन शिकायचंय, महागडा क्लास लावू का?

पहिल्या वर्षी तरी लावू नका. इंकस्केप (चित्रं, लोगो काढायला) आणि गिंप (फोटोंवर काम करायला) ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात, तेवढ्यावर हात बसतो. मग पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धांसाठी तुमच्या कॉलेजच्या पोस्टरचं काम मागून घ्या (पैसे मिळणार नाहीत, चहा मिळेल) आणि छापायला स्वतः प्रेसमध्ये जा. मी छपाईच्याच कामात आहे. मुलांच्या फायलींत हमखास सापडणाऱ्या चुका अशा:

- रंग सीएमवायकेऐवजी (छपाईच्या चार शाईंचे रंग) आरजीबीत (स्क्रीनचे रंग)
- फोटो ३०० ऐवजी ७२ डीपीआयचे (दर इंचातले ठिपके; कमी असले की छपाई धूसर)
- कडेला ३ मिलिमीटर ब्लीडच नाही (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेलं डिझाइन)

स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर मळकट उतरला की हे कायमचं लक्षात राहतं. देवनागरीसाठी 'मुक्ता' फॉन्ट मोफत आहे, जोडाक्षरं नीट येतात. व्हिडिओ किंवा थ्रीडी करायचं असेल तर मात्र क्लासची फी वाचवून आधी चांगला लॅपटॉप घ्या.